छंदाच्या तासाला भाव किती? एका छोट्या ४०७ ची गोष्ट



उधारीवरच्या व्हिडिओत माझ्या खांद्यामागच्या फळीवर एक छोटी निळी टाटा ४०७ दिसत होती. मी घसा कोरडा करून उधारीची वही कशी ठेवायची ते सांगतोय, आणि नंतर फोन आले ते त्या गाडीबद्दल. सर, कुठे मिळाली? सर, स्वतः बनवली का? आणि तिसरा प्रश्न तर ठरलेलाच: सर, ह्याचा बिझनेस होतो का?

होतो. पण आत्ता तुमच्या मनात जो रस्ता आलाय ना, त्या रस्त्याने होत नाही. मी त्याच रस्त्याने गेलो होतो आणि बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. म्हणून आज जीएसटी, मार्केटिंग सगळं बाजूला ठेवू आणि प्लास्टिकच्या गाड्यांबद्दल बोलू.

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. डब्यात तयार गाडी नसते. प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्या चौकटींना गाडीचे भाग लटकलेले असतात: दरवाजा, सीट, स्टिअरिंग, इंजिनचे तुकडे, कधी शंभराच्या वर. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. बहुतेक गाड्या १/२४ स्केलच्या असतात, म्हणजे खरी गाडी २४ पट लहान केलेली. खरा एक मीटर इथे साधारण ४२ मिलिमीटर होतो. चार मीटरची गाडी टेबलावर पावणेसतरा सेंटिमीटरची, वीतभरापेक्षा जरा कमी. एवढ्याशा गाडीला महिना जातो. हो, महिना. घरचे विचारतात, एवढा वेळ कशाला? त्याला उत्तर नाही. ज्याला आवडतं त्याला आवडतं.

मी पहिला डबा घेतला बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला. एक जपानी स्पोर्ट्‌स कार. त्या गाडीचं मी जे काही केलं ते ऐका, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

भाग कटरने न कापता हाताने पिळून काढले. जिथे जिथे जोड होता तिथे प्लास्टिकचा लचका निघाला. नंतर कळलं की साइड कटरने थोडं अंतर ठेवून कापायचं, उरलेला बोंडा ब्लेडने तासायचा आणि मग ४०० पासून १००० नंबरपर्यंतच्या पॉलिशपेपरने घासायचं. काचा मी फेविक्विकने बसवल्या. सकाळी बघतो तर सगळ्या काचांवर पांढरी वाफ धरलेली, आणि ती पुसून जात नाही. फेविक्विकची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते. काचेला साधं पांढरं फेविकॉल लावायचं, ते सुकल्यावर दिसत नाही. रंगाचं तर विचारूच नका. हार्डवेअरच्या दुकानातून मोटारसायकलला मारतात तो स्प्रेचा डबा आणला आणि एकाच हातात जाडजूड मारला. ह्या गाड्या पॉलिस्टायरीनच्या असतात आणि थिनर पॉलिस्टायरीनला खातो. बोनेटवर वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. तोही महिना कोणता, तर जुलै! भिवंडीच्या जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो. लॅकर रंग अशा हवेत मारला की सुकताना हवेतलं पाणी धरतो आणि वर पांढरट साय येते. आजही मी जून ते सप्टेंबर स्प्रे बंद ठेवतो. ते चार महिने कापणं, घासणं, जुळवणं. शेती करणाऱ्याला जसा हंगाम कळतो तसा ह्या कामातही कळावा लागतो.

आता कसं करतो? भाग भांड्याच्या साबणाने धुतो, कारण साच्यातून सुटावे म्हणून लावलेलं तेल त्यावर राहिलेलं असतं. आधी प्रायमर, मग रंगाचे चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात सुकू देऊन. खिडकी उघडी, तोंडाला वाफेचा मास्क, आणि खोलीत गॅसची शेगडी, उदबत्ती काही पेटलेलं नाही. हे शेवटचं गंमत म्हणून लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या एका खोलीच्या घरात टेबल आणि शेगडीत किती अंतर असतं ते मला माहीत आहे.

पण गाडी जोडून रंगवली की काम संपतं असं नाही. तिथून डिटेलिंग सुरू होतं, आणि खरी मजा तिथेच आहे. दरवाजाच्या फटीत अगदी पातळ केलेला काळा रंग ब्रशच्या टोकाने सोडायचा, तो आपोआप फटीतून पळत जातो आणि दरवाजा वेगळा दिसायला लागतो. टायर नवे चकचकीत असतात, ते पॉलिशपेपरवर फिरवायचे, मग रस्त्यावर चाललेले वाटतात. जुन्या इअरफोनची तार सोलून आतल्या बारीक तारांनी इंजिनची वायरिंग करायची. क्रोमच्या पट्टीला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चालते, गुळगुळीत बसवली तर रंगापेक्षा खरी दिसते. एखाद्या रविवारी रात्री मी दोन तास फक्त एका आरशाच्या मागे बसलेलो असतो. दुकानाचं टेन्शन, बँकेचा हप्ता, त्या दोन तासांत काही आठवत नाही.

आता पाटल्यांवर येतो.

मला हवं ते मी भरलं

२०१९ च्या शेवटी माझं स्टेशनरी आणि प्रिंटिंगचं दुकान बरं चाललं होतं. डोक्यात आलं, भिवंडीत, ठाण्यात, कल्याणात असे डबे ठेवणारं कोणी नाही, आपण ठेवू. स्पर्धा नाही म्हणजे मार्केट आपलंच! बीबीएला हेच तर शिकलो होतो, असं मला वाटलं. हिच्या पाटल्या ठेवून एक लाख काढले, चाळीस हजार दुकानातून घातले आणि १ लाख ४० हजाराचे ५२ डबे मागवले. ही तेव्हा एकच वाक्य बोलली, "ह्या डब्यांना गिऱ्हाईक कोण?" मी म्हणालो, "तू बघ तर खरं."

कारण स्पर्धा नसण्याची कारणं दोन असतात. एक, कोणाला सुचलं नाही. दुसरं, तिथे गिऱ्हाईकच नाही. मी पहिलं कारण धरून चाललो.

पोरं यायची, डबा हातात घ्यायची, मागचं चित्र बघायची, किंमत विचारायची. दोन हजार आठशे. डबा हळूच जागेवर. ज्या पोराच्या बापाचे माग आठवड्यातून चार दिवस चालतात त्या पोराला मी काय विकत होतो? दोन महिन्यांत नऊ डबे गेले, त्यातले चार मित्रांनी घेतले.

मग फेब्रुवारी २०२० चं बजेट आलं. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली. असे मॉडेलचे डबे त्याच खात्यात मोडतात. मी खूश! माझा माल जुन्या ड्युटीचा, आता बाहेर भाव चढणार, माझे डबे सोन्याचे होणार. भाव चढलेही. पण माल महाग होणं आणि तो विकला जाणं ह्यात फार फरक आहे, आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. फळीवर ४३ डबे आणि दुकानाला कुलूप. २०२३ च्या बजेटमध्ये ती ड्युटी ७० टक्के झाली, तोवर मी ह्या खेळातून बाहेर पडलो होतो. आज जर कोणी तुम्हाला म्हणालं की परदेशी डबे आणून विकू, तर आधी हा आकडा त्याच्यासमोर ठेवा. शंभर रुपयांच्या डब्यावर सत्तर ड्युटी, त्यावर टॅक्स, वाहतूक, तुमचा नफा. भिवंडीच्या पोराच्या हातात तो केवढ्याला पडेल?

माझी चूक ड्युटी नव्हती, लॉकडाऊनही नव्हता. मी गिऱ्हाईक म्हणून आरशात बघितलं होतं.

निळी ४०७

२०२१ मध्ये दुकान परत सुरळीत झालं. न विकलेल्या डब्यांतली एक गाडी मी स्वतः बनवून काउंटरच्या काचेत ठेवली होती. काल्हेरकडचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ बिल्टी बुक छापायला आले. आगरी माणूस, बोलायला मोकळा. गाडीकडे बघत राहिले. म्हणाले, "असली आमची ४०७ बनवशील काय?"

भिवंडीत राहणाऱ्याला ४०७ म्हणजे काय हे सांगायला नको. टाटांनी ही गाडी १९८६ मध्ये काढली आणि तेव्हापासून तागे, सूत, बीमपासून आताच्या गोडाऊनच्या खोक्यांपर्यंत काय काय तिने वाहिलंय. शेठच्या वडिलांनी १९९१ मध्ये एक घेतली होती. आज शेठकडे मोठ्या गाड्यांचा ताफा आहे, पण सुरुवात त्या एका गाडीने. ती कधीच भंगारात गेली. वडीलही गेले. उरला होता एक फोटो, दसऱ्याचा, गाडीला झेंडूचे हार घातलेला.

मी जोशात "हो" म्हणालो. किंमत विचारली तेव्हा तोंडात आलं ते सांगितलं, साडेतीन हजार. का साडेतीन? कारण काचेतल्या डब्याची किंमत अठ्ठावीसशे होती, त्यापेक्षा थोडं जास्त. बघा, हिशोब कुठून लावला!

आणि ४०७ चा डबा मला कुठेच मिळाला नाही. म्हणजे सगळी गाडी कोऱ्या प्लास्टिक शीटमधून कापून उभी करायची. अंजूरफाट्याला एका गॅरेजबाहेर जुनी ४०७ उभी होती. मालकाला चहा पाजून मेजपट्टीने तिचं माप घेतलं, बंपर ते हौद्याची मागची फळी. प्रत्येक आकड्याला २४ ने भागलं आणि कागदावर नकाशा काढला. तो नकाशा शीटवर चिकटवून ब्लेडने कापायचं, कडा घासायच्या, प्लास्टिकला वितळवून जोडणारा पातळ सिमेंट ब्रशने सांध्यात सोडायचा. एक चाक नीट घडवलं, त्याचा सिलिकॉनमध्ये साचा घेतला आणि बाकीची रेझिनमध्ये ओतली. ४०७ ला मागे जोडचाकं असतात, म्हणजे सहा, आणि एक स्टेपनी. हौद्याच्या फळ्यांवर रेषा ओढून लाकडाचा भास दिला. मागच्या फळीवर हॉर्न ओके प्लीज लिहिलं. महाराष्ट्रात २०१५ पासून ते लिहायला बंदी आहे, पण आपली गाडी १९९१ ची, तिला ते हवंच. झेंडूच्या हारासाठी स्पंजचा भुगा नारिंगी रंगात बुडवून दोऱ्याला लावला. त्यावर मी स्वतःवरच खूश होतो.

शेठ आले. गाडी हातात घेतली, फिरवली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भारी हाय. पन ही आमची गाडी नाय."

मला घाम फुटला. चुकलं काय?

ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा. फोटो दुसऱ्या बाजूने काढलेला, त्यात तो दिसतच नव्हता. एकदा घाटात गाडी घासली होती, दरवाजा गेला. नवा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून वडिलांनी भंगारातून दुसऱ्या ४०७ चा दरवाजा आणून बसवला. गाडी गडद निळी आणि दरवाजा फिका, आकाशी. पुढची कितीतरी वर्षं तसाच. रंगवायला पैसे आल्यावरही वडिलांनी रंगवू दिला नाही. लांबून गाडी येताना दिसली की त्या दरवाजावरून घरी कळायचं, बाबा आले.

मी गाडी परत घेतली. अजून सहा तास गेले. दरवाजा आकाशी केला, खालच्या कडेला गंज दाखवला, हँडलजवळचा रंग घासून आतला राखाडी काढला, कारण रोज तिथेच हात लागतो. शनिवारी शेठना फोन केला. आले, गाडी घेतली, आणि त्या दरवाजावर अंगठा ठेवून उभे राहिले. दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती, झेरॉक्स मशीन चालू होतं. त्यांनी डोळे पुसले नाहीत की काही नाही, फक्त अंगठा तिथून हलवला नाही. मग म्हणाले, "आता बोल, किती देऊ?"

मंडळी, हा प्रश्न आयुष्यात फार वेळा कोणी विचारत नाही. मी काय बोललो असेन? "ठरले तेवढेच शेठ, साडेतीन."

रात्री वही काढली. सामान आणि वरची ॲक्रेलिकची पेटी मिळून ११५०. उरले २३५०. वेळ ४६ तास, तोही बाहेर माप घ्यायला गेलेला वेळ न धरता. भागाकार करा: तासाला ५१ रुपये. माझ्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा मुलगा महिन्याला १५ हजार घेतो, २६ दिवस, आठ तास. त्याचा तास ७२ रुपयांचा. म्हणजे माझ्याच दुकानात सगळ्यात स्वस्त कामगार मी होतो, आणि त्या रात्री जेवताना खूशही होतो! छंदाचा हाच घोटाळा आहे. काम करताना मजा येते, म्हणून आपण त्या तासांचे पैसेच धरत नाही. मजा आली ना, मग झालं. पण तुम्हाला मजा आली म्हणून शेठसाठी त्या दरवाजाची किंमत कमी होते का?

पहिलं गिऱ्हाईक शौकीन नव्हतंच

त्यानंतर मी जरा ह्या धंद्याचा इतिहास वाचला, आणि डोक्यात उजेड पडला. इंग्लंडची एअरफिक्स कंपनी १९३९ मध्ये सुरू झाली, हवा भरायच्या रबरी खेळण्यांपासून. मग कंगवे बनवले. मॉडेलच्या धंद्यात ती आली कशी? १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांना आपल्या विक्रेत्यांच्या हातात द्यायला छोटा ट्रॅक्टर हवा होता, तो ह्यांनी बनवून दिला. सुटे भाग डब्यात भरून पोरांना विकणं नंतरचं. अमेरिकेत १९४८ ला सुरू झालेली एएमटी आधी मोटारींच्या शोरूमसाठी छोट्या गाड्या बनवायची. घरी जोडायचे डबे तिने १९५८ च्या सुमारास आणले. म्हणजे ह्या दोघांच्या बाबतीत पहिले पैसे दिले ते गाडी विकणाऱ्याने. शौकीन माणूस मागून आला.

जपानच्या शिझुओकातल्या तामियाचं तर माझ्यासारखंच झालं, असं म्हणायचा मोह होतो (एवढ्यापुरताच). मूळ धंदा लाकडाच्या वखारीचा, १९४६ चा. मग लाकडी मॉडेल. १९६० मध्ये पहिलं प्लास्टिकचं मॉडेल काढलं, यामातो युद्धनौका. दुसऱ्या कंपनीने तीच बोट स्वस्तात आणली आणि तामियाला जबर फटका बसला. पुढे मोटरवर चालणाऱ्या पँथर रणगाड्याने कंपनी सावरली. आज ह्या छंदात तामिया म्हणजे देव्हाऱ्यातलं नाव. त्यांचंही पहिलं पाऊल घसरलंच.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पुण्याला कोथरूडला जा. भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे तिथे. १ एप्रिल १९९८ पासून सुरू आहे. जोशींना छोट्या आगगाड्यांचा नाद. म्युझियमच्या आधी, १९८० च्या दशकात, त्यांनी फिरता देखावा बनवून लोकांना दाखवला होता. आता तिथे तिकीट काढून लोक शो बघतात: दिवे लागलेलं गाव, सिग्नल, घाट, एकमेकांना चुकवत धावणाऱ्या गाड्या. मी मुलाला घेऊन गेलो होतो. मुलगा गाड्या बघत होता, मी लोकांकडे बघत होतो. कोणीही तिथून आगगाडी विकत घेऊन जात नव्हतं. जोशींनी बघणं विकलं. आजोबा-नातू एकत्र बसून अर्धा तास बघतात, त्याचं तिकीट आहे. मला माझे ५२ डबे आठवले.

मग मी पुढे काय केलं? डबे पडेल त्या भावाने काढले, काही अजून आहेत, ते मी स्वतः बनवीन. २०२२ मध्ये पाटल्या सोडवल्या. ह्या गाड्यांच्या पैशातून नाही, हे स्पष्ट सांगतो. दुकानाच्या छपाईतून. पण डबे विकणं बंद केलं आणि फक्त सांगून बनवायच्या गाड्या घ्यायला लागलो. ट्रान्सपोर्टवाल्याची पहिली गाडी, रिटायर होणाऱ्या ड्रायव्हरला युनियनकडून भेट, नव्या गोडाऊनच्या पूजेला ऑफिसात ठेवायला. दुसरी ४०७ आली तेव्हा नकाशा तयार होता, चाकांचा साचा तयार होता. तीच गाडी २९ तासांत झाली. किंमत सांगितली साडेआठ हजार. सांगताना माझा आवाज बसला होता, खोटं कशाला बोलू! समोरचा एवढंच म्हणाला, "कधी मिळेल?" सामान १३०० वजा करा, तासाला २४८ पडले. एका माणसाने साडेआठ ऐकून पाठ फिरवली, तेही ठीक. आधी मी अशा माणसाला धावत जाऊन पाच हजारात आणलं असतं आणि महिनाभर रात्री जागलो असतो.

काही गोष्टी ज्या मी ठेच लागून शिकलो. निम्मे पैसे आधी घ्यायचे, कारण अर्धवट बनलेली दुसऱ्याची गाडी तिसऱ्याला विकता येत नाही. फोटो चारही बाजूंनी मागायचे. चारही बाजूंनी नसले तर गिऱ्हाईकाला बसवायचं, चहा द्यायचा आणि विचारायचं: ह्या गाडीला कधी काही लागलं होतं का? कुठे ठोकली? आत काय लटकवलं होतं? देवाचा फोटो कोणता? आरसा कुठला तुटला होता? ही वीस मिनिटं सगळ्यात महागाची आहेत. बाकी ब्लेड माझ्यापेक्षा चांगलं चालवणारे खूप आहेत, इन्स्टाग्रामवर बघा, आपल्या एसटीच्या लाल गाड्या पोरं फोमशीटमधून अशा बनवतात की वाटतं आता कंडक्टर बेल मारेल.

कायद्याचंही बघा. १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. त्यामुळे मी माझ्या गाडीला खेळणं म्हणत नाही, मुलांना विकत नाही. मोठ्या माणसाच्या कपाटातली वस्तू, बिलावर तसंच. हस्तकला कारागीर म्हणून नोंद असेल तर त्या नियमातून सूट आहे, तुमचं कशात बसतं ते नीट विचारून घ्या. आणि एकाच माणसासाठी त्याची जुनी गाडी बनवणं वेगळं, कंपनीचं चिन्ह छापून शंभर नग बाजारात विकणं वेगळं. दुसऱ्याला कंपनीचा परवाना लागतो. तिथे हुशारी करू नका.

सुरुवात करायची असेल तर माझं ऐका, एकच डबा घ्या, साधा, कमी भागांचा. कटर, ब्लेड, पॉलिशपेपर, सिमेंट, दोन ब्रश. बनवा. बिघडवा. आणि पहिल्या दिवसापासून शेजारी वही ठेवा, किती वाजता बसलात, किती वाजता उठलात. विकायचं मनात नसलं तरी लिहा. तीन गाड्या झाल्यावर तुमच्याजवळ तुमच्या हाताचा वेग असेल, आणि तो बाजारात कुठल्याही दुकानात मिळत नाही. वही बघून कदाचित तुम्ही ठरवाल की हे विकायचं नाही, आपल्यापुरतंच ठेवायचं. तो निर्णयही धंद्याचाच आहे. माझ्याही टेबलाचा डावा कोपरा विकायचा नाही, तिथे एक जुना डबा गेलं वर्षभर निवांत बनतोय.

उजव्या बाजूला सध्या काळी-पिवळी पद्मिनी आहे. मुंबईच्या ह्या टॅक्सींत शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, त्या रस्त्यावरून गेल्या आणि तेव्हापासून दोन-तीन जणांनी विचारलं. ही एका टॅक्सीवाल्याच्या मुलीने सांगितली आहे, वडिलांच्या पंचाहत्तरीला द्यायची म्हणून. किंमत ठरली, निम्मे पैसे आले. बॉडी झाली, पिवळं छत झालं, डाव्या बाजूला बाहेर लावायचा जुना मीटर झाला, त्याचा झेंडा खाली पडतोसुद्धा. फक्त डॅशबोर्ड कोरा आहे. तिला विचारलं, बाबा समोर काय ठेवायचे? ती म्हणाली, थांबा, मीटर उघडायच्या आधी ते रोज एका कशाला तरी हात लावायचे, आईला विचारून सांगते. त्याला चार दिवस झाले. मी ब्रश धुऊन ठेवलाय.